मुक्या नचिकेतचा कोंबडा

"कोंबड्याला खिडकी द्या. त्याला गाडी लागते," मी कंडक्टरला म्हणालो.

कंडक्टरने आधी कोंबड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघांत शहाणा कोण, याचा त्याने अंदाज घेतला आणि कोंबड्याला खिडकी दिली. म्हणजे मुग्धाला दिली. कोंबडा टोपलीत होता आणि टोपली तिच्या मांडीवर होती.

कोंबडा ही नचिकेतची कल्पना. थंडीचे दिवस, शनिवार-रविवार, कोकणातल्या एका डोंगरावर तंबू ठोकून मुक्काम आणि चुलीवर झणझणीत रस्सा, इथपर्यंत सगळं ठरलं होतं. प्रश्न आला की चिकन वर जाईपर्यंत टिकणार कसं. नचिकेत कारखानीसने यावर ठाण्यापासून कुडाळपर्यंत विचार मांडले आणि निष्कर्ष काढला की मांस टिकवण्याचा माणसाला माहीत असलेला सर्वांत जुना उपाय म्हणजे ते जिवंत ठेवणं.

"कापणार कोण?" मी विचारलं.

"त्यात काय आहे?" तो म्हणाला. ज्या कामात काय असतं हे ठाऊक नसतं, त्याच कामाबद्दल माणूस असं म्हणतो.

मुग्धा मांस खायची. तिचा नियम एवढाच होता, की ज्याला मांडीवर घेतलं त्याला खायचं नाही. आणि कुडाळच्या बाजारातून निघाल्यापासून कोंबडा दुसऱ्या कोणाच्या मांडीवर बसायलाच तयार नव्हता.

मला नेलं होतं, कारण तंबू माझा होता.

"मुंबयकार काय?" तिकीट फाडता फाडता कंडक्टरने विचारलं.

"ठाणे," नचिकेत म्हणाला.

"एकच ता."

"एकच नाही. मध्ये खाडी आहे."

आणि मग दोन थांबे येऊन गेले तरी तो खाडीवरच होता. इतिहास, बंदर, पहिली रेल्वे. बिचारा कंडक्टर शेवटी ड्रायव्हरशेजारी जाऊन उभा राहिला. नचिकेतचं हे पहिल्यापासूनच. त्याला मुंबईकर म्हटलेलं चालायचं नाही आणि चुकीचं काही ऐकून गप्प बसता यायचं नाही. ठाण्यात तलावपाळीजवळ त्याच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं आणि पुढेमागे ते तोच चालवणार होता. गिऱ्हाइकाने भिंतीवरचं अक्षर वाचायच्या आत हा स्वतःच वाचून दाखवायचा.

मागच्या सीटवर मुग्धाचं डोकं खिडकीला टेकलं, डोळे मिटले, तसा नचिकेत माझ्या कानाशी आला. त्याचं कुजबुजणं ड्रायव्हरपर्यंत जायचं.

"आज सूर्यास्ताला बोलतोच. सोमवारी ती डेहराडूनला चालली. जंगलखात्यासारखं काहीतरी काम, तीन-चार वर्षं. आज नाही बोललो तर संपलंच रे, श्रीपाद."

"मग बोल."

"ऐक ना, तयार केलंय. 'मुग्धा, मला माहितीये तू म्हणशील की आपण फक्त मित्र आहोत. पण मग तू थोडा विचार करशील आणि म्हणशील...'"

"मी मुग्धा होऊ का?" मी विचारलं. "म्हणजे तुला सराव होईल."

"नको. तिचं पण मीच म्हणतो."

त्याने ते सबंध तीनदा म्हटलं. मुग्धा त्यात आधी रडत होती, मग हसत होती आणि शेवटी डेहराडूनचं रद्द करून ठाण्यात राहत होती. भाषण चांगलं होतं. मी स्वतः दुसऱ्या खेपेलाच होकार दिला असता.

डोंगराच्या पायथ्याचं गाव म्हणजे आंबेखोल. एसटी आम्हाला उतरवून वळली. समोर पारावर पाच-सहा माणसं बसली होती आणि मधोमध एक म्हातारे गृहस्थ, कमरेला पंचा, डोळ्यांवर जाडजूड भिंगं. हे आबा गुरव. गावच्या देवाचं सगळं यांच्याकडे. त्यांना दिसायचं कमी, पण दिसण्यातली सगळी कसर त्यांनी ऐकण्यात भरून काढली होती. टोपलीतून कोंबडा नुसता खाकरला, तर त्यांची मान वळली.

"कोंबो नवसाचो काय?"

नचिकेतने श्वास घेतला. तो श्वास मला कॉलेजपासून ओळखीचा. या श्वासाचं उत्तर कमीत कमी फ्रीजच्या शोधापासून सुरू होणार होतं.

"हो," मुग्धा म्हणाली. "याच्यासाठी. हा बोलत नाही."

हे ती चपलेचा पट्टा आवळत, वर न बघता म्हणाली.

मला खरं तर वाईट वाटलं. आमच्यात थापा मारायचं काम माझं होतं. मुग्धा कधी साधी मस्करीसुद्धा करायची नाही. आणि तिने सहज, वाकल्या वाकल्या, मला आयुष्यात जमली नसती अशी थाप मारली होती.

नचिकेतचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"बघा," आबा हळहळले, "बोलूक बघता, पण शब्द काय भायर पडणा नाय."

"जल्मापासून?" कोणीतरी विचारलं.

"चार वर्षं," मुग्धा म्हणाली. तिची आणि नचिकेतची ओळख चार वर्षांची.

एवढ्यात शेजारच्या घरातून एक आजी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, नचिकेतचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "इतको देखणो झिल माझो," त्या म्हणाल्या, "आणि देवान जिभेर हात ठेवलो."

आता यावर कुठला माणूस म्हणेल, की आजी, मी बोलतो, ही मस्करी आहे? नचिकेत म्हणू शकला असता. पण त्याचे गाल आजींच्या हातात होते.

आबांनी सगळं मार्गी लावलं. योगच असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर राखण होती. वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर, एक उभा दगड आहे, तो डोंगराचा राखणदार. वर्षातून एकदा गाव वर जाऊन त्याला कोंबडे देतं आणि तिथेच रांधून जेवतं. त्यात आमचंही गाऱ्हाणं घालायचं ठरलं.

"पण तुमचो कोंबो उद्या कापूचो नाय," आबा म्हणाले. "आदी वाचा, मगे कोंबो. हेच्या तोंडातसून शब्द इलो काय कोंबो देवाचो."

"आणि नाही आला तर?" मी विचारलं.

"मगे कोंबो जगतलो."

मुग्धाने टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि नचिकेतकडे पाहिलं. "ऐकलंस ना?" ती म्हणाली. "तू बोललास तर हा जातो."

आम्हाला वाटलं होतं, निदान वर तरी आम्ही तिघेच असू. पण जागा झाडायला आणि चुली मांडायला आबा आदल्या दिवशीच वर जाणार होते. ते आमच्या पुढे चालायला लागले, अनवाणी, आणि त्यांचे कान मागे होते.

त्या दिवशी मला कळलं की सह्याद्रीत पक्षी आहेत. आम्ही तिघांनी आधी पुष्कळ डोंगर पालथे घातले होते, पण पक्षी मी ऐकले नव्हते. वाराही होता. सुकलेल्या गवतातून तो जायचा तेव्हा त्याचा आवाज यायचा. मुग्धा मधूनच एखाद्या झाडापाशी थांबून त्याचं नाव सांगायची, मग त्याला फळं कधी येतात ते सांगायची, मग ती कोण खातं तेही सांगायची. एवढं तिला माहीत असेल याची मला कल्पना नव्हती. एरवी नावाच्या पुढे नचिकेत सुरू व्हायचा.

एका वळणावर आबा दिसेनासे झाले. नचिकेतने माझी कॉलर धरली. "श्री..."

"कोण बोललो?" वरून आवाज.

"मी, आबा!"

"आवाज येगळो लागलो."

"घसा बसलाय!"

त्यामुळे मला पुढचे दोन दिवस बसलेल्या घशाने बोलावं लागलं. नचिकेत हातवारे करत होता. आधी ते माझा गळा दाबण्याचे होते. मग मावळतीकडे बोट, मग स्वतःच्या छातीकडे, मग मुग्धाकडे, मग आकाशाकडे. मला सगळं समजत होतं. त्याने जन्मभर जपलेलं एक भाषण सड्यावर मरायला चाललं होतं, आणि वाचवायचं तर कोंबडा मरणार होता.

"चूल कधी पेटवायची, म्हणतोय," मी बसलेल्या घशाने मुग्धाला सांगितलं. "भूक लागली असेल."

वर पोचलो. सडा मोकळा, सपाट, एका टोकाला शेंदूर लावलेला दगड आणि खाली सगळं कोकण. आबा दगडाभोवती झाडू मारत होते. मी तंबू उभा केला आणि सूर्य खाली जायला लागल्यावर शहाण्यासारखा आत जाऊन बसलो. कोंबडाही माझ्यामागे आला. तंबू दोन माणसांचा होता आणि त्याचं कापड पातळ होतं.

बाहेर ते दोघं कड्याकडे तोंड करून बसले. मागून आबांच्या झाडूचा आवाज येत होता.

"नचिकेत," मुग्धा म्हणाली, "मी गाडीत झोपले नव्हते."

झाडूचा आवाज थांबला.

"भाषण चांगलं आहे. तीनदा ऐकलं. माझी वाक्यंसुद्धा छान म्हणतोस. पण त्यात मला बोलायला कुठे जागाच नाही रे. चार वर्षांत माझं एक वाक्य शेवटपर्यंत गेलेलं नाही. मी सुरू करते, तू पूर्ण करतोस. बहुतेक वेळा बरोबर करतोस, तोच तर त्रास आहे. म्हणून म्हटलं, एक दिवस. राग आला?"

तंबूच्या कापडावर नचिकेतची सावली पडली होती. सावलीने मान हलवली. आला की नाही आला ते सावलीवरून कळलं नाही.

"मला तू आवडतोस," मुग्धा म्हणाली. "हे तुझ्या भाषणात शेवटी होतं, मी आधीच सांगून टाकते. पण मी थांबणार नाही. झाडं मला माणसांपेक्षा बरी कळतात आणि तिथे मला त्याचे पैसे देणार आहेत. तर मी विचारते. तू येशील का? डेहराडूनलासुद्धा माणसं चष्मा लावतात."

सावलीची मान पटकन वर झाली.

"हलवू नकोस मान! तू कुठलंही उत्तर लगेच देतोस. बाबांचं दुकान आहे, तुझं ठाणं आहे. उद्या खाली उतरेपर्यंत विचार कर. आणि मग तोंडाने सांग. एसटीत बसल्यावर, गाव मागे पडलं की. याच्या जिवाचं तरी बघायला हवं."

'याच्या' म्हणजे कोंबड्याच्या. तो त्या वेळी माझ्या उशाशी, रश्श्याच्या मसाल्याच्या पिशवीवर, पाय पोटाशी घेऊन बसला होता.

जरा वेळाने झाडूचा आवाज पुन्हा सुरू झाला. जेवताना आबांनी आम्हाला त्यांच्या भाकऱ्या आणि सुकट दिली. माझ्या पानात वाढताना ते मुग्धाच्या दिशेने मान करून हळूच म्हणाले, "चेडू बरा आसा. बोलता थोडा, पण मुद्द्याचा."

नचिकेत काही जेवला नाही. तो कड्याकडे बघत बसला होता. त्याला विचार करताना मी पहिल्यांदा पाहत होतो आणि ते बघायला फार विचित्र वाटत होतं, जसा एखादा ओळखीचा माणूस अचानक चष्म्याशिवाय दिसावा.

सकाळी गाव वर आलं. माणसं, पातेली, नारळ, कोंबडे. काल रडलेल्या आजीही काठी टेकत आल्या होत्या, खास नचिकेतसाठी. त्याला दगडासमोर उभं केलं. शेजारी मुग्धा, तिच्या कुशीत कोंबडा. मी मागे.

आबांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि एकदम दहा माणसांचा आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं.

"बारा वाटेच्या, बारा वेशीच्या राखणदारा, आज ह्या मुंबयचा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी नचिकेतच्या मानेकडे बघत होतो. मानेची एक शीर उडाली.

"ह्या मुंबयच्या लेकराची जीब कोणी बांदली आसात, ती सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याचे कान लाल झाले. मुग्धाने कोंबडा घट्ट धरला. तिलाही आता कळलं होतं काय होणार ते. काल त्याने प्रेम गिळलं होतं, राग गिळला होता, होकारसुद्धा गिळला होता. पण माणसाला मर्यादा असतात.

"मुंबयसून हयसर तुझ्या भरवशार इलेल्या, मुंबयच्या ह्या गरीब पोराक..."

"ठाण्याच्या," नचिकेत म्हणाला.

एवढंच. फार मोठ्याने नाही, नेहमी गिऱ्हाइकाला म्हणतो तसंच.

गाव 'व्हय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडून उभं होतं, ते तसंच उभं राहिलं. मग आजींनी काठी टाकली आणि जमिनीवर डोकं टेकलं. मग बाकीच्यांनी. पातेल्याजवळचा एकजण पळीसकट आडवा झाला. सगळ्यांत जास्त घाबरले होते आबा गुरव. उभा जन्म त्यांनी गाऱ्हाणी घातली होती, पण समोरून असं ताबडतोब काही आलं नव्हतं. त्यांनी नारळ दगडापाशी ठेवला.

"काय बोललंस, झिला? परत बोल."

नचिकेतने गावाकडे पाहिलं. सबंध गाव त्याचं बोलणं ऐकायला जमिनीवर बसलं होतं. असे श्रोते त्याला आयुष्यात मिळाले नव्हते आणि मिळणार नव्हते. मला वाटलं, आता खाडी. पण तो मुग्धाकडे वळला. कोंबड्याचा निकाल पहिल्याच शब्दाला लागला होता, आता दुसरा शब्द अडवण्यात अर्थ नव्हता.

"येतो," तो तिला म्हणाला.

"खंय?" आबांनी विचारलं.

"डेहराडूनला."

"ता खंय इला?"

"ठाण्याच्या पुढे," मी बसलेल्या घशाने सांगितलं.

 मुग्धाने कोंबड्याच्या पिसांत तोंड लपवलं होतं. नचिकेतला मुंबईचा म्हटलेलं सहन झालं नव्हतं आणि तो ठाणं सोडूनही निघाला होता, दोन्ही एका दमात. हे बहुतेक फक्त आम्हा तिघांनाच कळलं. चौथा, कळून न कळल्यासारखा, मुग्धाच्या कुशीतून बाहेर बघत होता, कारण एकजण कोयता घेऊन आला होता.

"आण तो कोंबो, बाय," आबा म्हणाले.

"आबा, नवस मी बोलले होते ना?"

"व्हय."

"मी कापीन म्हटलं नव्हतं. सोडीन म्हटलं होतं."

"काल सांगूचा नाय?"

"काल तुम्ही विचारलं नाहीत."

आबांनी तिच्याकडे बघितलं. आदल्या संध्याकाळी झाडू थांबवून त्यांनी काय काय ऐकलं होतं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांनी भिंगं पंच्याने पुसली, परत डोळ्यांवर चढवली.

"सोडलेलो कोंबो देवाचो," ते गावाला म्हणाले. "तेका कोणी हात लावचो नाय."

कोयतावाला जरा हिरमुसला. मुग्धाने कोंबडा खाली ठेवला. तो चार पावलं गेला, राखणदाराच्या दगडावर चढला आणि पहाट होऊन बराच वेळ झालेला असताना आरवला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. नचिकेतचं डेहराडूनला चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक अक्षरं स्वतः वाचतं म्हणतात, पण मी पाहिलेलं नाही. तिथे त्याला सगळे मुंबईवाला म्हणतात. तो रोज खाडीपासून सुरुवात करतो.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. त्यांची मुलगी, शाल्मली, अडीच वर्षांची होऊन गेली तरी एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते कान उत्तम आहेत, मूल हुशार आहे, बोलेल. मुग्धाचं मत होतं की बापाचं संपायची वाट बघत असेल.

"ठाण्याला येतोय," नचिकेत म्हणाला. "सहज जाऊ या का त्या डोंगरावर? नुसतं फिरायला हं. बाकी काही नाही. आम्ही काही तसले नाही."

"छे, छे," मी म्हणालो.

"तंबू आण."

सडा आता ओळखू येत नाही. आमच्यानंतर लोक लांबलांबून बोलायला उशीर करणारी पोरं घेऊन यायला लागले, आणि आबांनी रीत पाडली ती पाडलीच, कोंबडा कापायचा नाही, सोडायचा. राखणदाराभोवती आता कोंबड्यांचं एक गाव आहे. मुक्काम कोणी करत नाही. पहाटेच्या किती तरी आधीपासून तिथे झोपणं शक्य नाही.

चढताना मी तंबूची पिशवी पोटाशी धरली होती. पाठीवर का घेत नाहीस, यावर नचिकेतने अर्ध्या डोंगरापर्यंत शास्त्रीय माहिती दिली. शाल्मली त्याच्या खांद्यावर बसून त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून ऐकत होती.

आबा दगडाशेजारी बसले होते. आता त्यांना अजिबात दिसत नाही.

"नमस्कार, आबा," नचिकेत म्हणाला.

आबांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. "ह्यो आवाज वळखीचो. तो मुंबयचो मुको मां रे तू?"

नचिकेतने श्वास घेतला. तोच श्वास. मुग्धा वाकून चपलेचा पट्टा आवळत होती, तिने वर पाहिलं नाही. मी थांबलो. आबाही थांबले.

आणि नचिकेतने तो श्वास सोडून दिला. नुसता सोडून दिला.

सडा गप्प झाला. गवतातून वारा गेला तो ऐकू आला. कुठलातरी पक्षी बोलला आणि थांबला. मग त्या रिकाम्या जागेत, नचिकेतच्या डोक्यावरून, एक बारीक आवाज आला.

"कोंबा."

 नचिकेतने दोन्ही हातांनी तिचे पाय धरून ठेवले होते आणि तो काही बोलत नव्हता. मुग्धा वाकलेली होती ती तशीच खाली बसली.

"इली वाचा," आबा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "कोंबो खंय आसा?"

नचिकेतने मुग्धाकडे पाहिलं. मुग्धाने नचिकेतकडे पाहिलं. ते नुसते फिरायला आले होते.

मी तंबूच्या पिशवीची गाठ सोडली, तसं आत कोणीतरी खाकरलं. तंबू मी आणलाच नव्हता.